साल्हेरला मुक्काम: टेंट की खोली? (ग्रुप फुटायची वेळ आली आहे)

सिडकोकर | ३ जानेवारी, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आम्ही सहा जण, नाशिकच्या एकाच शाळेतले, सगळे सत्तेचाळिशीच्या आसपास. चौघे इथेच, दोघे मुंबईला. दरवर्षी २६ जानेवारीला धरून कुठेतरी जातो. यंदा साल्हेर ठरलंय. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत साल्हेरवाडी, दुसऱ्या दिवशी गड, पाय शिल्लक राहिले तर शेजारचा सालोटा किल्ला, आणि येताना मुल्हेर. इथपर्यंत एकमत. रात्री पाठ कुठे टेकायची यावर मात्र दोन पक्ष पडलेत.

टेंट पक्षाचा म्होरक्या आमचा मास्तर (पेशानेही मास्तर). त्याने दिवाळीत ऑनलाइन सेलमध्ये दोन टेंट घेतले. गॅलरीत एकदा उभारून बघितले, बायकोने वाळवणं काढायला लावली म्हणून गुंडाळून ठेवले. खोली पक्षाचं वकीलपत्र वकिलाकडे, तोही खराच वकील. त्याचे मुद्दे क्रमाने: बिबट्या, थंडी, बिबट्या, संडास, बिबट्या. रोज सकाळी ग्रुपवर बिबट्याच्या बातमीचं कात्रण येतं. बातमी दारणाकाठच्या उसातली, आम्ही जाणार बागलाणात, पण सांगणार कोण.

हाच माणूस विशीत रामशेजवर नुसत्या चादरीवर झोपला होता. आणि घोरतो असा की बिबट्या आलाच तर तोच घाबरून सुरगाण्यापर्यंत पळेल.

मी दोन्हीकडे माना डोलावतोय. अनुभवी लोकांनी निवाडा करावा.

रानवाटा | ३ जानेवारी, रात्री ११.०५

टेंट. विषय संपला. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. तिथवर जाऊन रात्री पीओपीचं छत बघायचं असेल तर सिडकोतच झोपा.

डबल_बेड | ३ जानेवारी, रात्री ११.३०

खोली. वय ४७ लिहिलंय, तिथेच उत्तर आलं.

अर्धवट_ट्रेकर | ४ जानेवारी, सकाळी ७.१५

रानवाटा, टेंट गडावर लावायचा म्हणताय की पायथ्याला? दोन्हीत फरक आहे.

वर परशुराम मंदिराच्या खाली गुहा आहेत, गंगासागर तलाव आहे, पूर्वी आम्ही सरळ जाऊन पथाऱ्या टाकायचो. पण २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात साल्हेर आहे. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. वरच्या मुक्कामाचं आधी रीतसर विचारून घ्या, गावातही चौकशी करा. वर चूल, शेकोटी काही पेटवू नका. गवत वाळलेलं असतं, वारा असतो, आणि कड्याला आग्या मोहोळ असलं तर धुराने माश्या उठतात. मग बिबट्या परवडला.

गुहेबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही: उंदीर. सॅकच्या वरच्या कप्प्याला बारीक गोल भोक पाडून माझी चिक्की नेली. शेजारी पाकीट होतं, त्याला हात लावला नाही. प्रामाणिक होते.

पंचवटीकाकू | ४ जानेवारी, दुपारी १.२०

तुम्हा लोकांना टेंट म्हटलं की काय अप्रूप वाटतं हो. आमच्या सासूबाई निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर चालत त्र्यंबकला जायच्या. पौष वद्य एकादशी, म्हणजे ऐन थंडीतली. मुक्काम राहुटीत नाहीतर कुणाच्या ओट्यावर. पासष्टीपर्यंत गेल्या, कधी कण्हल्या नाहीत.

त्यांची एक पद्धत होती. राहुटीत शिरल्या की आधी खाली भाताचा पेंढा चांगला वीतभर पसरायचा, त्यावर घोंगडी. अंगावर एकच चादर असली तरी चालेल पण खालची घोंगडी द्यायच्या नाहीत कुणाला. म्हणायच्या, थंडी वरून येत नाही गं, खालून चढते. तुमच्या मास्तरांनी टेंट घेतले, खाली घालायला काय घेतलंय ते विचारा आधी.

सिडकोकर | ४ जानेवारी, दुपारी २.०२

काकू, विचारलं. "सतरंजी" असं उत्तर आलं.

थर्मास | ४ जानेवारी, रात्री ९.१०

काकूंना दंडवत. लाखाची गोष्ट सांगितलीत.

स्लीपिंग बॅगचा कापूस किंवा फायबर तुमच्या वजनाने खालून दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरते ती हवाच. म्हणून हजारो रुपयांची बॅग घेऊन सतरंजीवर झोपणारा माणूस पहाटे चारला उठून बसतो. फोमची मॅट घ्या, प्रत्येकी एक. मिळाल्या नाहीत तर गावात पेंढा मागा, कुणी नाही म्हणणार नाही.

बॅग भाड्याने घेणार असाल तर पट्टीवरचे आकडे वाचा. चांगल्या बॅगेवर तीन असतात: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. दुकानदार एक्स्ट्रीमवर बोट ठेवून "साहेब, मायनसपर्यंत चालते" सांगतो. एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानात माणूस कसाबसा जगेल, झोपेल असं नाही. आपण कम्फर्टचाच आकडा धरायचा.

जागेचं: ओढ्याकाठची, तळ्याकाठची सपाट हिरवळ दिसते छान, पण निरभ्र रात्री गार हवा उतारावरून घरंगळत येऊन अशाच खोलगटात साचते. थोडी वर, झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाची जागा बघा. जानेवारीतली गार हवा काय चीज आहे ते निफाडच्या द्राक्षवाल्यांना विचारा. लाट आली की पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात.

आणि टेंटची सगळी चेन गच्च लावून घेऊ नका. दोन माणसांच्या श्वासाची वाफ आत कोंडते, कापडाला थेंब धरतात आणि पहाटे एकेक करून कपाळावर पडतात. मी पहिल्यांदा झोपलो तेव्हा पाऊस आला समजून बाहेर धावलो. बाहेर चांदणं. वरची जाळी उघडी ठेवायची, बाहेरचं कव्हर ताणून बांधायचं म्हणजे दोन्ही कापडं एकमेकांना चिकटत नाहीत.

डबल_बेड | ४ जानेवारी, रात्री ९.३१

एवढा अभ्यास करून झोपायचं? आम्ही दार लावतो आणि झोपतो.

गंगापूर_बॅकवॉटर | ५ जानेवारी, सकाळी १०.४४

डबल_बेड, खोलीचंही फार कौतुक नको. मागच्या डिसेंबरात इगतपुरीच्या बाजूला (नाव घेत नाही) फोटोत 'लेक व्ह्यू' बघून दोन खोल्या घेतल्या. खिडकी उघडली तर समोर सिंटेक्सची टाकी. मॅनेजर म्हणाला, पाणीच आहे ना साहेब. गिझर सकाळी ७ ते ८, आणि ब्लँकेटला मागच्या तीन पार्ट्यांचा वास.

तयार कॅम्पवाल्यांचंही तेच. धरणाच्या काठाला वीस टेंट दोरीला दोरी लावून उभे, मधोमध डीजे, 'अनलिमिटेड बार्बेक्यू' म्हणजे माणशी चार तुकडे. रात्री दीडला शेजारच्या टेंटमधलं भांडण इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की आमच्या हिने मधे सल्ला दिला. यापेक्षा आपले टेंट, आपली जागा बरी, किंवा मग सरळ गावातलं घर.

काजवा | ५ जानेवारी, सकाळी ११.००

साल्हेर सोडा, भंडारदरा करा ना. काजवे बघत टेंटमध्ये झोपा.

अर्धवट_ट्रेकर | ५ जानेवारी, सकाळी ११.०८

जानेवारीत काजवे? ते मेअखेर-जूनचं, पावसाच्या तोंडावरचं काम. आयडी बदला.

ताशीव_दगड | ५ जानेवारी, रात्री १०.१५

अवांतर आहे, पण नाशिककरांचा धागा आहे म्हणून राहवत नाही.

उघड्यावर की छताखाली हा वाद या गावात दोन हजार वर्षांपूर्वी मिटलेला आहे. पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी. २४ लेणी. भिक्खूंनी एरवी फिरतीवर राहायचं, पावसाळ्यात एका जागी छताखाली. वर्षावास. म्हणजे पक्ष दोन नव्हतेच, ऋतू दोन होते.

पण मला खरी गंमत वाटते ती १० व्या लेण्यातल्या हिशोबाची. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने लेणं तर कोरून दिलंच, शिवाय ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायम ठेव म्हणून गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेवले. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडवरचं. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ व्याजाने. १००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. आता गुणाकार करा: २००० वर महिना १ टक्का म्हणजे वर्षाला २४०. वीस गुणिले बारा, २४०. एक पैसा इकडेतिकडे नाही, आणि सगळं भिंतीवर कोरून ठेवलेलं, म्हणजे मागाहून "मी तेव्हाच दिले होते" म्हणायची सोय नाही.

तुमच्या ग्रुपचा हिशोब कोण ठेवतं?

सिडकोकर | ५ जानेवारी, रात्री १०.४०

वाचनखूण साठवली. हिशोब वकील ठेवतो, आणि त्याचाही शिलालेखच असतो.

मुक्काम_बागलाण | ६ जानेवारी, सकाळी ६.५०

मी सटाण्याचा. इतके लोक आमच्या तालुक्यावर बोलताहेत म्हणून लॉगिन केलं.

गावात घरगुती सोय होते. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, भरपूर कांदा. घरात शिरलात की "बठा, च्या ल्या" होणार, त्याला नाही म्हणू नका. बहुतेक घरांपुढे खळं असतं, सारवलेलं, सपाट. मालकाला विचारून टेंट तिथे लावा. संडास घराचा, पाणी घराचं, चांदणं फुकट. दोन्ही पक्ष खूश.

बिबट्याचं म्हणाल तर आमच्याकडेही आहे, नाही कशाला म्हणू. रात्री एकट्याने अंधारात लांब जाऊ नका, बॅटरी घेऊन दोघांनी जा, खरकटं टेंटच्या बाजूला टाकू नका, त्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो.

सर्पमित्र_नाही_पण | ६ जानेवारी, दुपारी १२.३३

एक भर. थंडीत साप कमी फिरतात, तुमच्या तारखांना फार काळजी नाही. पण पावसाळ्यात कुणी हा धागा वाचून जाईल म्हणून लिहितो: 'घरात सुरक्षित, टेंटमध्ये धोका' हे मण्यारीच्या बाबतीत उलटं आहे. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक की कित्येकदा जाग येत नाही, खूणही दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. चेन लावलेला, खालून अखंड कापडाचा टेंट पडवीतल्या पथारीपेक्षा बरा. पडवीत झोपायचं असेल तर खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. शंका आली तर मांत्रिक नाही, थेट सरकारी दवाखाना.

थर्मास | ६ जानेवारी, दुपारी १.०५

+१. आणि थंडी वाजते म्हणून टेंटमध्ये किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

रात्रपाळी | ६ जानेवारी, रात्री ११.५५

मी नर्स आहे, ड्यूटीवर वाचतेय. धागाकर्त्यांना एक प्रश्न, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या.

वकिलांच्या घोरण्याची सगळ्यांनी मजा केलीत. ते घोरता घोरता मधेच गप्प होतात का? काही सेकंद अगदी शांत आणि मग दचकून, धाप लागल्यासारखा मोठा श्वास? दिवसा गाडीत बसल्या बसल्या डुलकी लागते का? आणि हा बिबट्या किती वर्षं जुना आहे?

सिडकोकर | ७ जानेवारी, सकाळी ८.२०

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून चहा गार झालाय.

गप्प होतो. आम्ही "गियर बदलला" म्हणून हसायचो. डुलकीही बरोबर, पूर्वी कसारा घाट लागायच्या आत मान पडलेली असायची. बिबट्या नवा आहे, फार तर दीड वर्षाचा.

आणखी एक आठवलं. मागच्या जानेवारीत दिवेआगरला त्याने एकट्यासाठी वेगळी खोली घेतली. "रात्री अशिलांचे फोन येतात." पैसे स्वतःचे भरले म्हणून कुणी बोललं नाही. त्याच्याकडे एक काळी चौकोनी बॅग होती, टिफिनपेक्षा थोडी मोठी. डिकीत ठेवायला मी हात घातला तर माझ्या हातातून काढून घेतली आणि तीन तास मांडीवर धरून बसला. विचारलं तर म्हणाला, केसचे ओरिजिनल कागद आहेत.

रविवारची तारीख असलेल्या कोर्टाचे कागद!

बिबट्या_नं_१ | ७ जानेवारी, दुपारी ४.४८ (नवीन सभासद)

मीच तो. मास्तरने ग्रुपवर लिंक टाकली. आज तारीख पुढे गेली म्हणून वेळ होता, पहिल्यापासून वाचलं.

रात्रपाळी ताई, तुमचं निदान बरोबर. सव्वा वर्षापूर्वी स्लीप स्टडी झाली. झोपेत श्वास थांबतो. सीपॅप मशीन दिलंय, रात्री नाकावर मास्क लावून झोपतो. मशीनला प्लग लागतो. टेंटला प्लग नसतो. एवढीच केस आहे, बाकी सगळे बिबटे मी सोडलेले.

सांगितलं का नाही? तो मास्क लावून मी कसा दिसतो हे मी आरशात बघितलंय. आणि आमच्या ग्रुपमध्ये इयत्ता सातवीत चड्डी फाटली त्याचं नाव अजून चालू आहे. तेव्हा.

पण मशीन लागल्यापासून मी घोरत नाही. हे रेकॉर्डवर घ्यावं.

सिडकोकर | ७ जानेवारी, दुपारी ४.५५

अरे गाढवा.

सिडकोकर | ७ जानेवारी, दुपारी ५.१०

फोन झाला. पुढचं ठरवायला मदत करा मंडळी.

रात्रपाळी | ७ जानेवारी, रात्री ८.३०

सांगितलंत ते चांगलं केलंत. "एक रात्र मशीन नाही लावलं तर चालेल का" हे इथे कुणाला विचारू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि थंडी आहे म्हणून घोटभर घेण्याचा आग्रह झाला तर ठाम नाही म्हणा. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

मशीन बॅटरीवरही चालतं. कंपनीचा डीसी अडॅप्टर मिळतो का बघा, आणि ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) व गरम नळी बंद ठेवली तर वीज बरीच कमी लागते. ज्या बॅटरीवर भरवसा ठेवणार ती आधी घरी एक पूर्ण रात्र चालवून बघा, थेट साल्हेरला प्रयोग नको.

मुक्काम_बागलाण | ७ जानेवारी, रात्री ९.०२

वकीलसाहेब, प्लग मी बघतो. पण एक प्रश्न विचारून घर घ्यायचं: लाइन गावठाणच्या फीडरवर आहे की शेतीपंपाच्या? मळ्यातलं घर दिसायला झकास, पण शेतीची लाइन पाळीने येते. कधी दिवसा, कधी रात्री, मधेच गुल. तुमचं मशीन रात्री दोनला बंद पडायचं. गावठाणातलंच घर घ्या, आणि तरी बॅटरी जवळ ठेवा. ओळखीच्या घराचा नंबर सिडकोकरांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

रानवाटा | ७ जानेवारी, रात्री ९.४०

वकीलसाहेब, माझा "विषय संपला" मागे घेतो.

सिडकोकर | २९ जानेवारी, रात्री १०.२०

वृत्तांत उशिरा देतोय, गुडघे आत्ता कुठे बोलायला लागलेत.

मुंबईचे दोघे आदल्या रात्री गळाले. राहिलो चौघे. गडावर मुक्काम केला नाही. गावठाणातल्या घराच्या खळ्यात मास्तरचे दोन टेंट लावले, तिसरा त्याने शेजाऱ्याकडून मुंबईवाल्यांसाठी आणलेला, तो बॅगेतच राहिला. काकू, टेंटखाली पेंढा घातला. घरच्या आजींनी स्वतः पसरून दिला आणि मास्तरच्या सतरंजीकडे बघून "ही बसायला घ्या" म्हणाल्या.

वकिलाला ओसरीवर खाट देत होते, प्लग तिथेच. तो ऐकेना. एक्स्टेन्शन बोर्ड ओसरीवरून खळ्यात ओढला, वायर दोन हात कमी पडली म्हणून टेंटच उचलून भिंतीकडे सरकवला. आम्ही कोपरे धरून, आत वकील बसलेला. बोर्ड दवात भिजू नये म्हणून टेंटच्या आत पालथ्या टोपल्याखाली ठेवला. बॅटरी उशाशी होतीच.

मास्क लावून त्याने चेनमधून डोकं बाहेर काढलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. साधारण पाच सेकंद. मग घरातला पाच-सहा वर्षांचा पोरगा म्हणाला, "विमानवाले काका." नाव पक्कं झालंय, सातवीतलं सुटलं.

त्याच्या टेंटमध्ये मीच होतो. घोरला नाही. मशीनचा लांबून नळ चालू असल्यासारखा बारीक आवाज येतो, तेवढाच. झोप मात्र मला लागली नाही, कारण इतक्या वर्षांची सवय, मधेच कान लावून बघत होतो. रात्री कधीतरी टेंटला बाहेरून काहीतरी जड, गरम टेकलं. मी श्वास रोखून पडलो. सकाळी कळलं, घरचं कुत्रं. कापडाच्या पलीकडून माझ्या पाठीला पाठ लावून झोपलं होतं.

मास्तर पहाटे साडेतीनला उठून ओसरीवर गेला. तिथे आम्ही जायच्या आधीच कांद्याची पोती लागलेली होती, त्यांच्यात जागा करून झोपला. त्याची जाळी बंद होती, थर्मासचा प्रतिसाद त्याने वाचला नव्हता. साडेपाचला निघालो, परशुराम मंदिरापर्यंत सगळे पोचलो. सालोटा खालून बघितला.

मुक्काम_बागलाण | ३० जानेवारी, सकाळी ७.०५

तुमची सतरंजी राहिली आहे तिथे. आजी विचारत होत्या, पाठवू का म्हणून.

बिबट्या_नं_१ | ३० जानेवारी, सकाळी १०.१२

सतरंजी मास्तरची, पाठवणावळ त्याच्या नावे. आणि न आलेल्या दोघांच्या वाटचे पैसे चौघांत वाटलेत, त्यावर माझी हरकत नोंदवून घ्यावी.